जाळी

मला दिसायला नको, म्हणाले, मला ऐकू यायला नको.
नव्या पेठेतल्या पोराला वाटलं, वाक्य अर्धं राहिलं.
तो काचेच्या डब्यावरच अडून,
आत सात रंग गरागरा,
गड्ड्यातला पाळणा उचलून टेबलावर ठेवावा तसा.

कार्ड थोराड आहे माझं. तीन पंख्यांचं. हप्ते अकरा बाकी.
रात्री दहानंतर ते टॉवेल विणतं
सुताचा एक धागा न लागता,
लूप न् लूप उभा करतं, प्रत्येकाखाली सावली ठेवतं.
हॅम्बुर्गच्या बाईंना बॉबिन भरायच्या आधीच
टॉवेल किती मऊ ते बघायचं असतं.
ब्याऐंशी अंश. पंच्याऐंशी.
मग तिन्ही पंखे एकदम अंगावर येतात
आणि पडद्यापलीकडं अम्मा कूस बदलते.
सहाला तिला मांडीवर सूप घ्यायचं असतं.

नायनांचं काही नाही.
छत्तीस वर्षं अक्कलकोट रोडला चार माग एकट्यानं.
कानात बोळे घाला, असं एकदा एक साहेब म्हणाले होते,
गाडीतून न उतरता.

दुसऱ्या दुकानात जाड पेटी, दारांना आतून स्पंज,
टिचकी मारली तर टिचकीसुद्धा खाली मान घालते.
मला तीच हवी होती. पैसे काढलेच होते जवळजवळ.
पण इलियास बागवानांना विचारल्याशिवाय
आमच्या घरात वायरसुद्धा येत नाही.
ते म्हणाले, "मे महिन्यात गोधडी घेऊन झोपता का तुम्ही?
मग कार्डाला का पांघरताय?
कोंडलं की ओरडतंच, माणूस काय नि मशीन काय.
पुढून जाळीची घ्या. मोठे पंखे, सावकाश फिरणारे."
मला पटलं नाही. भोकं जास्त आणि आवाज कमी?
"दोन्ही न्या. नको ती सोमवारी आणून टाका."

घरी नायनांनी जाळी काढली पुढची,
ट्यूबलाइटसमोर धरली दोन्ही हातांनी,
घडी खात्यात काठ तपासायचे तशी,
एक डोळा मिटून.
"विरळ आहे," म्हणाले. मग बोट फिरवून, "पण एकसारखी आहे."
त्यांच्या तोंडी ही मोठी शाबासकी.

तेच कार्ड, तोच टॉवेल, तीच उकाड्याची रात्र.
आधी स्पंजवाली. विसाव्या मिनिटाला
नायनांनी तिच्या पाठीवर तळवा ठेवला
आणि लगेच उचलला. "कण्हतोय हा."
मग जाळीवाली.
तळवा ठेवला. थांबले. खाली सरकवला. मनगट टेकवलं.
पडद्यावर अडुसष्ट अंश, लूप भरत चाललेले,
आणि मी श्वास धरून बसलेले,
ज्याला चाळीस वर्षांत काही ऐकू आलं नाही
त्याच्या तोंडाकडं बघत.

"चालू आहे?" त्यांनी विचारलं.

सोमवारी स्पंजवाली परत गेली.
बागवानांनी रिक्षाचे पैसेही घेऊ दिले नाहीत
आणि सांगितलं नाही ते एकच: आमच्या गल्लीत
जाळी आठ दिवसांत गोधडी होते.
तूस. खिडकीतून, दारातून, वाळत घातलेल्या लुगड्यावरून
तूस येतं आणि जाळीवर बसतं, आणि
आकडा पुन्हा सत्तरीकडं.

आता दर शुक्रवारी नायना जाळी काढतात.
फणी झाडायचा जुना ब्रश आहे, तोच.
तूस चिमटीत घेऊन वळतात, उजेडात धरतात,
कालचं राखी होतं, आज त्यात लाल.
"शंकरय्यानं चादरी धरल्या परत," म्हणतात,
"माग चालू आहेत त्याचे."
शंकरय्याची शेड आमच्या भिंतीला भिंत.
मला दिवसभर दुसरं काही ऐकू येत नाही.
मी मान हलवते, जणू मलाही आत्ताच कळलं.